चाळिशीच्या तोंडावर सुरू झालेले झटके: एका रोखपालाच्या पत्राला उत्तर

पत्र

मी अडतीस वर्षांचा असून अमळनेर तालुक्यातील एका पतसंस्थेत रोखपाल आहे. गेल्या वर्षीच्या मार्चअखेरीच्या धावपळीत माझे डोळे अधूनमधून जोरात मिचकू लागले. पावसाळ्यात मान उजवीकडे झटकली जाऊ लागली आणि दिवाळीनंतर घशातून ‘हुं’ असा आवाज निघू लागला. डोळ्यात कचरा गेल्यासारखे, घशात बाजरीचे कुसळ अडकल्यासारखे वाटते. तसे केले की क्षणभर बरे वाटते आणि पुन्हा तेच. खिडकीवर ग्राहक असले की मी बळाने आवरतो, पण घरी आल्यावर मोरीचे दार लावून घेतले की कितीतरी वेळ नुसते झटके चालतात. एका बाईंनी मी डोळा मारतो अशी तक्रार व्यवस्थापकांकडे केली. ते सांभाळून घेतात, पण सहकारी माझी नक्कल करतात. शाळेत मला ‘मिचमिच्या’ म्हणत असत, पण ते चश्मा लागण्याआधीचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले असल्याचे सांगून थेंब दिले. पित्तासाठी रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल घेतो, बाकी औषध नाही. आई म्हणते, ‘तुले कोनी तरी नजर लागनी.’ दोनदा उतारा टाकून झाला आणि आता भगताकडे नेण्याचे चालले आहे. पत्नी काही बोलत नाही, पण सारखी पाहत असते. रोकड जुळली तरी मी पुन्हा पुन्हा मोजतो आणि घरी निघाल्यावर तिजोरीचे कुलूप पाहायला परत जातो. मला वेड लागत आहे का? माझ्या सात वर्षांच्या मुलीला हे होईल का? खिडकी सोडून मागच्या टेबलावर बदली मागावी का? कधी कधी वाटते, कुठे तरी निघून जावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

वेड लागत आहे का, या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न मनात ठेवून पुढचे काही वाचणे तुम्हाला जड जाईल. तुम्ही जे वर्णन केले आहे त्यात वेडाचे एकही लक्षण नाही. आधी एखाद्या ठिकाणी टोचल्यासारखी, ताणल्यासारखी जाणीव होणे, हालचाल केल्यावर ती क्षणभर शमणे, काही वेळ ती आवरता येणे आणि एकांत मिळताच मोकळी होणे, हे चारही धागे ज्या हालचालीत एकत्र सापडतात तिला वैद्यकात टिक म्हणतात. डोळे मिचकणे आणि मान झटकणे ही हालचालीची टिक, तर ‘हुं’ हा आवाजाची टिक होय. तुम्हाला न पाहता निदान करण्याचा अधिकार मला नाही, परंतु अनेक रुग्णांना समोर बसवूनही जे नेमकेपणाने सांगता येत नाही, ते तुम्ही कुसळाच्या एका वाक्यात सांगितले आहे.

ही हालचाल तुम्ही मुद्दाम करत नाही, आणि ती पूर्णपणे तुमच्या इच्छेबाहेरचीही नाही. लोकांचा गोंधळ येथेच होतो. ग्राहकासमोर दहा मिनिटे थांबवता येते, मग कायमचे का थांबवता येत नाही, असा त्यांचा हिशेब असतो. मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पेशीसमूह आहेत. कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती रोखायची याची निवड पृष्ठभागावरील मेंदूशी सतत देवाणघेवाण करून तेथे होत असते. टिकच्या विकारात ही रोखण्याची व्यवस्था काही ठरावीक हालचालींपुरती ढिली पडते, असे आजचे आकलन आहे. इच्छाशक्ती पणाला लावून काही काळ ती उणीव भरून काढता येते, पण तेवढा वेळ लक्ष दुसरीकडे देता येत नाही. मार्चअखेरीस तुम्ही एका हाताने ताळेबंद आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे डोळे सांभाळत होतात. दमलात यात नवल नाही.

आता तुमच्या पत्रातील दोन गोष्टींकडे वळतो. त्या तुम्ही जाता जाता, अर्ध्या वाक्यात सांगितल्या आहेत, आणि माझ्या मते सगळ्या पत्रात त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे शाळेतील टोपणनाव आणि दुसरी म्हणजे सकाळची कॅप्सूल.

टिक हा मुळात बालपणी सुरू होणारा प्रकार आहे. बहुधा पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास तो दिसू लागतो, दहा ते बाराव्या वर्षी त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि पौगंडावस्था ओलांडताना बहुतेकांच्या बाबतीत तो बराच ओसरतो. फ्रेंच वैद्य जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचे जे वर्णन प्रसिद्ध केले आणि ज्यावरून टुरेट विकाराला नाव मिळाले, त्या विकाराची व्याख्याही वयाशी बांधलेली आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार हालचालीच्या एकाहून अधिक टिक, आवाजाची किमान एक टिक, पहिल्या टिकपासून एक वर्षाहून अधिक काळ आणि वयाच्या १८ वर्षांपूर्वी झालेली सुरुवात, असे सगळे जमले तरच टुरेट म्हणता येते. म्हणून अडतिसाव्या वर्षी कोणी ‘हे नव्यानेच सुरू झाले’ असे सांगत आला की जाणता डॉक्टर प्रथम हेच विचारतो की हे खरोखर नवे आहे का. प्रौढपणी टिक घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत ती बालपणीचीच, मधली कित्येक वर्षे शांत राहिलेली किंवा कोणाच्या लक्षातही न आलेली टिक असते, आणि ताण, जागरण, आजारपण किंवा आयुष्यातील एखादा मोठा बदल यांच्या निमित्ताने ती पुन्हा वर येते.

मुलांना शाळेत ‘मिचमिच्या’ हे नाव उगाच पडत नाही. चश्म्याआधी अंधुक दिसत असल्यामुळे तुम्ही डोळे बारीक करत असाल, हे शक्य आहे. पण डोळे बारीक करून पाहणे आणि डोळे मिचकावणे यांत फरक आहे, आणि तो फरक आईला आठवत असेल. चश्मा लागल्यावर ते थांबले होते का? त्या वयात तुम्ही नाक ओढत होता का, खांदा उडवत होता का, सर्दी नसताना खाकरत होता का? मामा, मावशी, जुना वर्गमित्र यांनाही विचारा. तुमच्या लग्नाची सीडी घरात असेलच. ती लावून, हार घालण्याच्या वेळी नव्हे तर आहेराच्या रांगेत कंटाळून उभे असताना तुमचा चेहरा काय करतो, ते पाहा. स्वतःच्या टिक स्वतःला कळतातच असे नाही. बालपणीचा धागा सापडला तर प्रश्नाचे स्वरूप बदलते, कारण मग नव्या आजाराच्या शोधाची निकड कमी होते आणि एका जुन्या, ओळखीच्या आणि जिवाला धोका नसलेल्या गोष्टीबरोबर जगायचे कसे, एवढेच उरते.

धागा सापडला नाही तर मात्र कारण शोधलेच पाहिजे, आणि धागा सापडला तरी कॅप्सूलचा विषय सुटत नाही. आपल्याकडे पित्ताच्या नावाखाली सर्रास दिल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलसारख्या औषधाच्या जोडीला दुसरे एक औषध घातलेले असते. ते कधी डोम्पेरिडोन असते, कधी लेव्होसल्पिराइड. डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही. लेव्होसल्पिराइड मात्र मेंदूतील डोपामाइन या रसायनाचे काम अडवते, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास कंप, अंगाचा ताठरपणा, जीभ-ओठ-जबड्याच्या किंवा चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात. त्यांपैकी काही टिकसारख्या दिसतात. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड, चक्करीवरील सिनारिझिन, अर्धशिशीवरील फ्लुनारिझिन आणि मानसोपचारातील अनेक औषधे याच कारणासाठी विचारात घ्यावी लागतात. गंमत अशी की डोपामाइन अडवणारी हीच औषधे टिकच्या उपचारातही वापरली जातात, त्यामुळे ती बंद करायची की चालू ठेवायची हा निर्णय घरी बसून घेण्यासारखा नाही. पट्टीच्या मागे छापलेली सगळी नावे नीट वाचा, ही कॅप्सूल नेमकी केव्हापासून घेत आहात, मार्चच्या आधीपासून की नंतर, हे आठवून लिहून काढा आणि ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा. पित्ताची कॅप्सूल वर्षानुवर्षे चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानातून आणत राहण्याची आपली सवय मला मुळीच पसंत नाही, आणि तुमच्या पत्राने ती नापसंती वाढवली आहे.

टिकसारख्या दिसणाऱ्या पण टिक नसलेल्या काही गोष्टी येथे सांगून ठेवतो, कारण हे सदर वाचणाऱ्या इतरांनाही त्या उपयोगी पडतील. पापणीची नुसती बारीक फडफड, म्हणजे उजवा डोळा लवला म्हणून पुरुष मंडळी खूश होतात ती, जागरण आणि अति चहा यांमुळे होते आणि आपोआप जाते. चेहऱ्याच्या एकाच बाजूची पापणी आणि गाल एकाच वेळी खेचले जात असतील, ते आवरता येत नसेल आणि झोपेतही चालू राहत असेल, तर चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनीचा दाब येत असण्याची शक्यता असते. पन्नाशीनंतर दोन्ही डोळे उजेडात घट्ट मिटू लागले आणि उघडणे अवघड जाऊ लागले तर तोही वेगळा विकार असतो. या दोन्हींवर बोटुलिनम विषाचे अगदी अल्प मात्रेतील इंजेक्शन चांगले काम करते. चाळिशीच्या आतल्या माणसात नव्या अनैच्छिक हालचाली दिसल्या की विल्सन विकार नाही ना, हेही पाहून घेतात. त्यात यकृतात आणि मेंदूत तांबे साठत जाते, रक्ताची सेरुलोप्लाझमिन तपासणी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडील स्लिट लॅम्पची तपासणी यांतून त्याचा सुगावा लागतो आणि वेळेत कळला तर त्यावर औषध आहे. तुमचे वय पाहता एवढे करून घ्यावे असे मी सुचवीन. याशिवाय डोक्याला झालेली इजा, पक्षाघात, मेंदूज्वर आणि काही आनुवंशिक आजार यांतूनही प्रौढपणी टिक येऊ शकते. दुचाकीवरून पडला असाल आणि ‘काही झाले नाही’ म्हणून विसरून गेला असाल, तर तेही सांगा.

आणखी एक प्रकार आहे, तो २०२० आणि २०२१ च्या करोनाकाळात जगभर ठळकपणे दिसला. किशोरवयीन मुलींमध्ये आणि तरुण स्त्रियांमध्ये, एका दिवसात किंवा काही तासांत, हात आपटणे, शब्द ओरडणे अशा मोठ्या आणि गुंतागुंतीच्या हालचाली सुरू झाल्या. हे नाटक नव्हते. मेंदूच्या रचनेत बिघाड नसताना त्याच्या कामकाजात झालेला तो बिघाड होता आणि त्याचा उपचार वेगळ्या मार्गाने करावा लागतो. तुमच्या तक्रारी महिन्यामहिन्यांच्या अंतराने, डोळ्यांपासून मानेकडे आणि मानेकडून घशाकडे अशा सावकाश आल्या, त्यामुळे मला ती शक्यता कमी वाटते.

तपासणीला जाण्याआधी घरी, एकटे असताना, मोबाइलवर स्वतःचे दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण करून ठेवा. डॉक्टरांच्या खोलीत टिक गुपचूप बसते, हा जवळपास प्रत्येक रुग्णाचा अनुभव असतो, आणि मग ‘आता तर काहीच दिसत नाही’ असे ऐकून परतावे लागते. अमळनेरहून जळगाव आणि धुळे ही दोन्ही ठिकाणे तुमच्या आवाक्यात आहेत. दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खासगी मेंदूविकारतज्ज्ञही आहेत. प्रत्येकाला एमआरआय लागतोच असे नाही. ते तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या, शेजाऱ्यांना नाही. मात्र शुद्ध हरपणे, हातापायातील बळ कमी होणे, बोलणे अडखळणे, चाल बदलणे, विसरभोळेपणा वाढणे यांपैकी काही झाले तर नंबर लावून वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

उपचाराबद्दल लिहिताना पहिली गोष्ट ही की टिक आहे म्हणून ती घालवलीच पाहिजे, असे नाही. ती दुखत नसेल, कामात अडथळा आणत नसेल आणि माणूस तिच्यासह निवांत असेल, तर समजून घेणे हाच पुरेसा उपचार ठरतो. तुमच्या बाबतीत तसे नाही, म्हणून पुढचे लिहितो.

सध्या जो उपचार आधी द्यावा असे मानले जाते तो गोळीचा नाही, शिकण्याचा आहे. नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सवय-पालट पद्धतीवर तो उभा आहे. त्यात प्रथम टिकच्या आधीची जाणीव ओळखायला शिकवतात, आणि ती येताच टिकशी एकाच वेळी जुळू न शकणारी, दुसऱ्याच्या सहज लक्षात न येणारी एखादी हालचाल ती जाणीव ओसरेपर्यंत धरून ठेवायला सांगतात. मानेसाठी हनुवटी किंचित आत घेऊन मान सरळ ठेवत स्नायू हलकेच ताणायचे. घशातील आवाजासाठी तोंड मिटून नाकाने संथ श्वास घ्यायचा आणि सोडायचा. डोळ्यांसाठी ठरावीक लयीत, सावकाश आणि हळुवार पापण्या मिटायच्या. वाचायला हे फार सोपे वाटते, पण सराव जाणकाराच्या देखरेखीखाली, एका वेळी एकच टिक घेऊन, आठवड्यांच्या हिशेबाने करावा लागतो. १६ वर्षांवरील १२२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात या पद्धतीच्या विस्तारित रूपाने सुमारे ३८ टक्के लोकांना स्पष्ट फायदा झाला, तर केवळ आधार देणाऱ्या समुपदेशनाने सुमारे ६ टक्के लोकांना. म्हणजे जादू नाही, पण रोज सकाळच्या कॅप्सूलपेक्षा विश्वासार्ह गोष्ट नक्की आहे. जळगाव-धुळ्यात यात प्रशिक्षण घेतलेला मानसतज्ज्ञ सापडेलच अशी खात्री मी देणार नाही. न सापडल्यास पुण्या-मुंबईच्या एखाद्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडून व्हिडिओ कॉलवर शिकता येईल का ते विचारा. अंतरावरून शिकवूनही हे जमते.

ही पद्धत आणि तुम्ही खिडकीवर बळाने आवरता, या दोन गोष्टी एक नव्हेत. आवरलेली टिक नंतर दुप्पट होऊन बाहेर पडते, असे बहुतेकांना वाटते. प्रयोगांमध्ये तशी वाढ नियमाने आढळलेली नाही, त्यामुळे मोरीतल्या त्या वेळाला घाबरू नका. नुकसान वेगळ्याच जागी होते. आवरण्यात दिवसभराचे लक्ष खर्ची पडते आणि ‘कोणी पाहिले का’ ही भीती वाढत जाते, आणि टिकला भीतीइतके पोषक दुसरे काही नाही. अपुरी झोप, कामाचा ताण, उपासमार, काहींच्या बाबतीत उष्णतासुद्धा टिक वाढवते. जळगाव-अमळनेरच्या मे महिन्यात, पंखा बंद पडलेल्या खिडकीत त्या वाढल्या तर आजार बळावला असे समजू नका. टिकचे प्रमाण आपोआपही कमीजास्त होत राहते. म्हणूनच एखाद्या उताऱ्यानंतर आठवडाभर बरे वाटले तर त्याचे श्रेय उताऱ्याला मिळते.

औषधे आहेत. रक्तदाबावरही दिले जाणारे क्लोनिडिन, अ‍ॅरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन, टेट्राबेनाझिन यांपैकी एखादे तज्ज्ञ अल्प मात्रेत सुरू करतात. मानेच्या किंवा पापण्यांच्या टिकवर बोटुलिनमचे इंजेक्शनही देतात. झोप येणे, वजन वाढणे, मन खिन्न होणे असे त्रास औषधागणिक वेगवेगळे असतात आणि क्लोनिडिन एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळी घेतो. औषध घ्यावे लागलेच तर कधी थांबवायचे, हे सुरू करतानाच विचारून घ्या.

आता रोकड पुन्हा पुन्हा मोजण्याविषयी. रोखपालाने दोनदा मोजणे ही शिस्त आहे. जुळली हे डोळ्यांना दिसत असूनही मनाला पटत नाही म्हणून मोजत राहणे आणि कुलूप पाहायला परत जाणे ही शिस्त नव्हे. टिक असणाऱ्यांमध्ये मंत्रचळ, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात, तो वारंवार सोबत आढळतो, आणि माझा अंदाज असा की तुमची शांतता मिचकणाऱ्या डोळ्यांपेक्षा या मोजण्याने अधिक हिरावली असेल. हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलेले नसणार, कारण त्याचा डोळ्यांशी काही संबंध आहे असे कोणाला वाटेल? सांगा. त्यावर परिणामकारक औषधे आणि वर्तनोपचार दोन्ही आहेत. ‘कुठे तरी निघून जावे’ हे तुमचे शेवटचे वाक्य मी हलके घेतलेले नाही. निघून जाण्याच्या विचारासोबत जीव देण्याचा विचार कधी येत असेल, तर आजच पत्नीला ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून चालू आहे, ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते.

आईचा प्रश्न नाजूक आहे आणि तिला अडाणी ठरवून तो सुटणार नाही. मुलाच्या मानेला झटके येताना पाहून आईने काही तरी करायचे नाही तर काय करायचे? ती उतारा टाकते कारण तिच्या हाती तेवढेच आहे. तिच्या हाती दुसरे काम द्या: तुमच्या बालपणाचे वर्णन डॉक्टरांना सांगण्यासाठी तिला सोबत न्या. तुमच्या या तपासणीत तिच्याइतका मोठा साक्षीदार कोणी नाही. सप्तशृंगीला किंवा कुलदेवतेला जायचे म्हणाली तर आनंदाने जा. भगताकडे मात्र जाऊ नका, आणि आईसाठी जावेच लागले तर तुम्ही काय सहन करणार नाही हे आधी ठरवून जा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तपासणी लांबवा असे कोणी सांगितले तर तेथून उठा.

मुलीबद्दल सांगायचे तर टिकची प्रवृत्ती कुटुंबांत उतरते, हे खरे आहे. ती प्रत्येक मुलात उतरते, हे खरे नाही, आणि उतरली तरी अनेकदा ती सौम्य असते आणि वयाबरोबर ओसरते. शाळकरी वयात काही आठवडे टिक येऊन जाणे तर फार सामान्य आहे. तिने एखादे दिवशी डोळे मिचकावले तर दोघांनी एकमेकांकडे पाहू नका आणि तिला टोकू नका. ती कदाचित तुमची नक्कलही करत असेल. सात वर्षांच्या मुलीला ‘बाबांचे डोळे आपोआप मिचकतात, त्यांना दुखत नाही’ एवढे सांगितले की पुरते. पत्नीशी मात्र सविस्तर बोला. ती बोलत नाही कारण बोलल्याने तुम्हाला वाईट वाटेल असे तिला वाटते, आणि तिचे पाहणे तुम्हाला मोजणीसारखे वाटते. टिककडे लक्ष वेधल्याने आणि तिच्याविषयी बोलत राहिल्याने ती वाढते, हे पत्नीला ठाऊक असण्याचे कारण नाही. घर ही तुम्हाला काहीही आवरावे न लागणारी जागा असली पाहिजे. मोरीचे दार लावावे लागू नये, एवढे पत्नीकडून मागा.

राहिला खिडकीचा प्रश्न. ज्या बाईंनी तक्रार केली त्यांची चूक काढू नका. अनोळखी पुरुषाचा डोळा आपल्याकडे पाहून मिटला तर कोणत्याही बाईला तेच वाटेल. त्यांना एकटे गाठून खुलासा देण्याचा प्रयत्नही करू नका, तो अधिकच विपरीत दिसेल. निदान झाल्यावर डॉक्टरांची चिठ्ठी व्यवस्थापकांना द्या आणि त्या बाईंना त्यांच्यामार्फतच कळू द्या. इतर ग्राहकांसाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘माझे डोळे आपोआप मिचकतात, मज्जातंतूंचा त्रास आहे, गैरसमज नसावा.’ ते हसून किंवा ओशाळून न म्हणता, व्याजाचा दर सांगता तितक्याच सपाट आवाजात म्हणा. नेहमीच्या ग्राहकांना ते एकदा सांगितले की पुरते, आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या सभासदांत ते तुमच्याआधी पोहोचेल. खिडकीच्या काचेवर सूचना चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नक्कल करणाऱ्या सहकाऱ्यांपैकी जो त्यातल्या त्यात बरा असेल त्याला बाजूला घेऊन सांगा की पाहिल्याने आणि नक्कल केल्याने टिक वाढते. बाकीच्यांना तो सांगेल. न थांबल्यास व्यवस्थापकांनी लक्ष घालावे, ते त्यांचे कामच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेले आहेत. त्यांत मज्जासंस्थेचे दीर्घकालीन विकार हा गट आहे, पण टिकचे नाव स्वतंत्रपणे नाही, आणि तुमच्याइतक्या सौम्य त्रासासाठी प्रमाणपत्रामागे धावण्यात मला अर्थ दिसत नाही.

मागच्या टेबलावर जाण्याने टिक कमी होईल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. उलटही होऊ शकते. मन लावून केलेल्या कामात टिक बहुधा मंदावते. कॅनडातील डॉ. मॉर्ट डोरान यांना टुरेट होते आणि तरीही ते शस्त्रक्रिया करत आणि स्वतः विमान चालवत. नोटा मोजताना तुमची मान किती वेळा झटकते आणि ग्राहक सही करेपर्यंत वाट पाहताना किती वेळा, याकडे आठवडाभर लक्ष द्या. माझा कयास आहे की मोजताना ती जवळजवळ नसेल. बदलीचा अर्ज तूर्त देऊ नका. आधी कॅप्सूलचा निकाल लावा, तपासण्या होऊ द्या, सवय-पालटाचा सराव मिळाला तर तो दोन-तीन महिने करून पाहा, आणि पुढच्या मार्चअखेरीच्या आठवड्यांपुरता खिडकीवर एक जोडीदार मिळावा एवढी मागणी व्यवस्थापकांकडे आतापासूनच करून ठेवा. एवढे होऊनही खिडकी नकोशीच वाटली तर खुशाल बदली मागा, पण तेव्हा ती लपण्यासाठी मागितलेली नसेल.